कोनाचा रं तू?

आमच्या आत्याइतकी भोचक बाई अख्ख्या मोरिवलीत झाली नाही आणि होणारही नाही. अनोळखी माणूस दिसला, की पदर खोचून ती "कोनाचा रं तू?" विचारणारच. एकदा गॅसवाल्याला तिने पार त्याच्या पणजोबापर्यंत नेलं, आणि तोवर टाकी बिचाऱ्याच्या खांद्यावरच! मतं मागायला येणारा उमेदवारसुद्धा तिला आधी आजोळ सांगायचा आणि मग चिन्ह. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग बंद कंपनीच्या भिंतीमागे नशेच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. पोलीस बंदुका घेऊन आले की विकणारा गायब, त्यांची गाडी वळली की पुन्हा हजर. आई गेल्यावर आत्यानेच वाढवलेला माझा धाकटा भाऊ घरात नजर चुकवायला लागला. मी चिडून म्हणालो, "आता मिलिट्रीच बोलवायला हवी!"

"बंदुकीला कोन लाजतंय?" आत्या म्हणाली. "मानूस मानसाला लाजतो."

दुसऱ्या दुपारी आळीतल्या बायका घेऊन ती त्या भिंतीपाशीच ताडपत्री टाकून सुकट निवडायला बसली. वासानेच निम्मी गिऱ्हाइकं पळाली असतील. उरलेल्यांना तिचा प्रश्न होता. हेल्मेटवाल्यालाही सुटका नव्हती. "काच वर कर, नाक बगू दे. नाकावरनं घर कलतं मला." गावातली पोरं लांबूनच गाडी वळवू लागली.

अखेर विकणारा स्वतः तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "ए म्हातारी, घर जा. रोज बाहर निकलती है ना? संभाल के."

"माजा घर ह्योच हाय. तू कोनाचा रं? आईला म्हाईत हाय का, तू हितं काय इकतोस?"

त्याने खिशात हात घातला. बायकांचे हात सुकटीतच थांबले. कोपऱ्यावर लक्ष ठेवून असलेला मी धावत पुढे झालो. तेवढ्यात गल्लीतून तोंडाला रुमाल बांधलेलं एक गिऱ्हाईक आलं. चाल बघूनच मी ओळखलं. आत्याने तर माझ्याही आधी ओळखलं असणार. विकणाऱ्याकडे पाठ करून ती रुमालवाल्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "कोनाचा रं तू?"

 भावाने रुमाल काढला. "तुझाच गं, आत्या," म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

"मंग बस हितं. डोकी काढ सुकटीची."

 विकणाऱ्याचा खिशातला हात रिकामाच बाहेर आला, आणि तो गेला. धंदा चिखलोलीकडे हलला म्हणतात. हे कळल्यावर आत्या लगेच म्हणाली, "तितं माजी ननंद हाय." भावाला सुधारायला मात्र फार वेळ लागला. उल्हासनगरच्या दवाखान्यात त्याच्या सोबतीला बसून तिने तिथल्या डॉक्टरचंही आजोळ काढलं.

आता आत्याची नजर गेली आहे. दाराशी पाऊल वाजलं, की ती खाटेवरून तेच विचारते. भावाचं पाऊल तिला कळत नाही असं मला वाटत नाही. तरी रोज कामावरून आल्यावर तो उंबऱ्यात थांबतो, तिच्या प्रश्नाची वाट बघतो, आणि "तुझाच" म्हणूनच आत येतो.