मंजुषानं भट्टी पेटवली

मुकुंदवाडीची मंजुषा आणि तिची जोडीदारीण अनवरी लग्नांचा स्वयंपाक करायच्या. एका लग्नात गॅसच्या नळीनं पेट घेतला आणि मंजुषाचा हात भाजला. जखम भरली, पण शेगडी पेटल्याचा नुसता आवाज आला तरी तिची छाती धडधडायची, श्वास कोंडायचा, आता आपण मरतो असं वाटायचं. हृदयाची तपासणी केली, तर त्यात काहीच निघालं नाही. शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं दिसतंय." घरात चहासुद्धा नवराच करू लागला.

शेवटी अनवरीच तिला मानसोपचार डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आग विझलीय, हे तुमच्या मेंदूला अजून पटलेलं नाही. आवाज आला की तो अंगाला पळ म्हणतो. हा आजार आहे, भित्रेपणा नाही. आणि तो बरा होतो."

मंजुषा तिथंच रडली. आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढं ऐकायला ती आसुसली होती.

उपचार सुरू झाले. आधी ती दारातूनच पेटती शेगडी बघायची. मग अनवरीचा हात धरून, घाम फुटला तरी, धडधड ओसरेपर्यंत शेगडीजवळ थांबायची. एके दिवशी तिनं स्वतः चहा केला.

शेंद्र्याच्या एका लग्नात अनवरीनं लायटर हातात घेतला. "मी पेटवू का?"

"नाय. दे इकडं."

तिनं लायटर दाबला आणि भट्टी भक्कन पेटली. मंजुषा जागची हलली नाही. तेल तापलं तशी ती मांडवभर ऐकू जाईल अशी ओरडली, "पुऱ्या आणा गं लवकर!"