कडेला सारलेला घास

आज दुपारी जेवणं झाली आणि नेहमीसारखा यांच्या ताटात एक घास उरला. आमटी कालवलेला भात, लिंबाएवढा, ताटाच्या कडेला नीट सारून ठेवलेला. लांज्याहून नणंद आली आहे. तिने तो पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "दादा, तुझी ही खोड काय जात नाय. आबांनी बघितला असता तर पाठीत धपाटा घातला असता." हे नुसते हसले आणि हात धुवायला उठले. नणंदेचं काही चुकत नाही. ज्या घराने डोंगरउतारावरच्या चार तुकड्यांत राबून भात पिकवला, तिथे सांडलेलं शीतसुद्धा वेचून घेतात. त्या घरच्या मुलाने रोज ताटात टाकायचं म्हणजे काय! तिला मी आजवर कारण सांगितलेलं नाही. सांगायचं तर थेट आफ्रिकेच्या उत्तर टोकाला जावं लागतं, आणि तिथे मनाने जायचं म्हटलं तरी अजून माझा श्वास जरा अडतो.

आमचं लग्न झालं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे त्रिपोलीत एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. आमच्या माहेरी 'परदेश' हा एवढा एकच शब्द पुरला. पुढचं कोणी विचारलं नाही, मीही नाही. लग्नानंतर पंधरवड्यात हे परत गेले आणि काही महिन्यांनी मी मागोमाग गेले. तिथला पहिला आठवडा कंपनीच्या वसाहतीत काढला. उंच भिंत, फाटकावर पहारेकरी, आणि आमच्या खिडकीतून दिसणारी दुसरी तशीच बंद खिडकी. उतरल्या उतरल्या माझा पासपोर्ट ऑफिसात जमा झाला होता. तशी तिथली पद्धतच होती म्हणे. हे पहाटे जायचे आणि दिवेलागणीला यायचे. आल्यावर विचारायचे, "आपलं जेवण झालं का? काही अडचण तर नाही ना?" असं क्रमिक पुस्तकातलं मराठी! मी मास्तरांची मुलगी, म्हणून हे माझ्याशी जपून बोलत असावेत. यांच्याबद्दल तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. भांडायला कारण असतं तर भांडून मोकळी झाले असते. दिवसभर मी त्या दोन खोल्यांत चकरा मारायची आणि भिंती हळूहळू जवळ येताहेत असं वाटायचं. शेवटी मी मनाशी ठरवलं की शुक्रवारी सुट्टीला फिरायला नेतील तेव्हा सांगून टाकायचं: मला घरी परत पाठवा.

शुक्रवारी आम्ही जुनं शहर बघायला निघालो. बंदरावर तांबूस भिंतींचा किल्ला, खाली मासेमारीच्या होड्या, आणि वास अगदी आमच्याकडच्या मिरकरवाडा बंदराचा. जाळी, मीठ, उन्हात तापलेलं लाकूड. त्या वासाने घर आठवलं आणि ओठांवर आलेलं वाक्य तिथेच अडलं. मग आम्ही वेशीतून आत शिरलो. पांढऱ्या घरांच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की दोघांनी शेजारी चालायची सोय नाही. डोक्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कमानी, त्यांच्यामधून आभाळ दिसायचं ते साडीच्या काठाएवढं. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं सुट्टीमुळे बंद होती. हे पुढे, मी मागे. 'मला परत जायचंय' हे एखाद्याच्या पाठीला कसं सांगायचं?

बरंच फिरल्यावर हे म्हणाले, "ऊन कललंय. आता उन्हाकडे तोंड करून चालत राहिलो की बंदर येईल." मला ते पटलं. आम्ही दोघंही कोकणातली. समुद्र म्हणजे पश्चिम हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. रोज संध्याकाळी सूर्य जिथे बुडतो तिथे समुद्र असायचाच. पण त्या गावाचा समुद्र उत्तरेला आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सूर्याच्या मागे लागून आम्ही आणखी आत आत गेलो. एक निळं दार दिसलं, मग काही वळणांनंतर पुन्हा तेच निळं दार. "असं कसं? समुद्र इथंच असायला हवा," असं हे स्वतःशीच पुटपुटत होते आणि मला वाटत होतं की आता या भिंतींतून मी जन्मात बाहेर पडणार नाही. रडू येत होतं, पण कोणापुढे रडायचं?

त्या निळ्या दारात एक म्हातारेबाबा बसले होते. आम्हाला पुन्हा आलेलं पाहून ते खदखदून हसले, "हिंद? हिंद?" असं विचारत छातीवर हात ठेवला आणि यांच्या दंडाला धरून आम्हाला घरात घेऊन गेले. आत शुक्रवारचं जेवण मांडलेलं. पुरुषांची बैठक बाहेर, बायकांची आतल्या खोलीत. मधला जाड पडदा पडला आणि मी एकटी राहिले. समोर चार बायका, त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. मधोमध एक मोठी परात. वाफवलेला बारीक सांजा, वर भोपळा आणि मोठा मासा. जिने तिने आपल्या समोरच्या बाजूने खायचं. चव उत्तम होती, खोटं कशाला बोलू! मी माझी बाजू पुसून स्वच्छ केली, कारण आमच्या बाबांना ताटात शीत दिसलेलं खपत नसे. लगेच घरधनिणीने आणखी ढीग माझ्याकडे लोटला. तोही संपवला. पुन्हा ढीग. मी पोटावर हात ठेवला, मान हलवली, हात जोडले. ती कौतुकाने हसली आणि माशाचा आणखी एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. आता डोळ्यांतून पाणी यायचं तेवढं बाकी होतं. पासपोर्ट ऑफिसात, नवरा पडद्याआड, आणि समोर न संपणारी परात.

तेवढ्यात पडद्यापलीकडून मोठ्याने हाक आली. "अगो ए! घासभर ठेव तुझ्या बाजूला! सगळा संपवू नको, नायतर ही लोका वाढतच ऱ्हातील! म्हाताऱ्याने ठेवला तसा मी पण ठेवला, तवा सुटलो!"

मी दचकले. हा आवाज कोणाचा? लग्न झाल्यापासून हा मी एकदाही ऐकला नव्हता. लांज्याच्या पलीकडच्या वाडीतला, शेताच्या बांधावरून हाक मारणारा, परक्या माणसांची भीडभाड न ठेवणारा. मला असं हसू फुटलं की थांबेना. काही न कळून त्या बायकाही हसायला लागल्या. मी घासभर सांजा माझ्या बाजूला राहू दिला. घरधनिणीने तो पाहिला, माझ्या गालाला हात लावला आणि हात धुवायला पाणी आणलं.

मग म्हातारेबाबांनीच आम्हाला बंदरापर्यंत पोचवलं. धक्क्यावर बसलो तेव्हा सूर्य आमच्या डाव्या हाताला, घरांच्या मागे मावळत होता. किती वेळ आम्ही दोघं त्या चुकीच्या सूर्यास्ताकडे बघत बसलो. माझं वाक्य अजून तसंच होतं, फक्त आता त्याला धार राहिली नव्हती. मी तोंड उघडणार तोच यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि माझा पासपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला.

"कालच मागून घेतला सायबाकडून," हे समुद्राकडे बघत म्हणाले. "तुझा जीव घुसमटतो हितं, दिसतंय मला. सकाळपासून सांगीन म्हणतोय, पण तोंडच उघडत नव्हतं. जायचं असेल तर सांग, तिकीट काढतो."

म्हणजे दिवसभर त्या गल्ल्यांतून मी जिच्यासाठी तळमळत होते ती सुटका माझ्या दोन पावलं पुढे, यांच्या खिशातून चालत होती. मला राग आला, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी हा माणूस मला आवडला. पुढे तिथे सहा वर्षं काढली. भिंती तशाच राहिल्या, घुसमट अधूनमधून यायची आणि जायची. पण त्या दिवसापासून हे ताटात एक घास ठेवू लागले. कारण कधी बोलले नाहीत, मीही कधी विचारलं नाही. पुरे म्हणायची वाट मोकळी आहे, एवढंच मी त्यातून समजले.

नणंद आत आली आणि विचारायला लागली की हा घास टाकून देऊ का. मी म्हटलं, राहू दे, मी ठेवते कावळ्याला. धक्क्यावर त्या संध्याकाळी मी पासपोर्ट पदराखाली घेतला होता आणि यांना म्हटलं होतं, "बघू."

अजून बघतेच आहे.