दादाजींचा उलटा क्रम

सक्करदऱ्याकडच्या विणकरांत दादाजींची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. घरात काही ठरवायचं झालं की ते आधी सर्वांत धाकट्याचं मत घेत आणि आपलं शेवटी सांगत. म्हातारा आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी तेही वडलांपुढे अशाच माना डोलावून कंटाळले होते. कौलं बदलायची असोत की म्हैस घ्यायची असो, सगळं याच क्रमानं ठरे. शेजारी हसत, पण दादाजी त्या हसण्याला भीक घालत नसत.

चौऱ्याहत्तर साली सदर बाजारातल्या एका दुकानातून लग्नाच्या साडीचं काम आलं. साडी करवती काठाची, म्हणजे काठाला करवतीसारखे बारीक दात असलेली हवी होती. दादाजी तेव्हा पासष्टीचे. ही साडी आपल्याच हातून उतरणार, याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती. तरी रीत ती रीत. साडी आपण विणावी की मुलानं, बळीरामनं, असं त्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं, आणि सुरुवात केली सुनेपासून. उत्तरा अठरा वर्षांची, उमरेडच्या विणकराची लेक. या घरात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नवऱ्याकडे मान करून ती म्हणाली, "यायनं विणावी, मामाजी. तुमच्या काठाचे दात सुटून राहिले."

बळीराम तिच्यावर खेकसला. काल आलेल्या पोरीनं बापाच्या हाताला नावं ठेवावीत? दादाजींनाही ते चांगलंच झोंबलं. पन्नास वर्षं मागावर बसलेला माणूस, आणि ही कोण लागून गेली! पण नियम त्यांचाच होता, आता गिळायचा कसा? कुठं सुटले ते दाखव, म्हणाले.

उत्तरानं सासूच्या, भीमाबाईंच्या अंगावरच्या साडीचा काठ त्यांच्यापुढे धरला. दादाजींना तो नीट दिसला नाही. मग त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. चार दात लागले, पुढे सपाट, मग पुन्हा दोन.

वर्षभर घरातल्या बायका त्यांनी विणलेल्याच साड्या नेसत होत्या, आणि बायकांना आपलं काम आवडतं म्हणून ते मनातल्या मनात फुलत होते. त्या साड्या दुकानात नेण्याजोग्याच नव्हत्या. बळीरामला ठाऊक होतं, भीमाबाईंना ठाऊक होतं. दादाजींना फार लाज वाटली.

"तू काहून नाही बोलली वं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही साऱ्या दुनियेचं विचारलं," भीमाबाई म्हणाल्या, "हे कधी विचारलं नाही."

दादाजींनी हातातला काठ सोडला. साडी बळीराम विणेल, असं त्यांनी सांगितलं. बळीराम काही बोलू लागला, पण त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि पुन्हा सुनेकडे वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

"अन् मी आता काय करू वं, पोरी?"

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचार केला, अगदी मनापासून केला.

"हे मले नाही माहीत, मामाजी."

दादाजींनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं.