नानांचं सहावं कलम

कुठेही भांडण पेटलं की नाना मध्ये जाऊन विचारत, "कलम कोणतं?" एका लग्नात टोपी-टॉवेलच्या मानावरून व्याही हमरीतुमरीवर आले, तिथेही त्यांनी हेच विचारलं. दोघांना हसू फुटलं आणि पंगत बसली.

चाळीसगावच्या कॉलेजात नानांनी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी. युरोपातल्या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका कारभाराखाली आणलं, तो करार ते असा सांगत, जणू सह्यांना स्वतः हजर होते. सार्कची सनद आली की मात्र डस्टर टेबलावर आपटत. "एकानं नाही म्हटलं की सगळं ठप्प! याला काय करार म्हणायचं?"

निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. आमच्या आणि शेजारच्या दोन, अशा तीन गावांनी कापूस एकत्र विकायचा. शेड एक, वजनकाटा एक. "त्यास्नी कोयसा एक करा, आपुन कापूस एक करूत," म्हणत ते दुखरा गुडघा ओढत शेतोशेत फिरले. अक्षर बरं म्हणून करारनामा मी लिहायला बसलो आणि सहाव्या कलमाशी अडलो. प्रत्येक निर्णय तिन्ही गावांच्या एकमतानेच!

"नाना, जन्मभर ज्याच्या नावानं डस्टर आपटलं, तेच लिहायचं?"

"मतदान व्हयनं म्हंजे एक गाव हारस. हारेल मानूस मंग लगीनले येस का, भाऊ?"

मी चडफडत ते कलम लिहून टाकलं. आजही त्याचा राग येतो, त्यांचाही आणि माझाही.

सह्या थाटात झाल्या. मग चार वर्षं नुसत्या बैठका. शेड कुठे बांधायची, यावर दर वेळी दोन गावं 'हो' म्हणत आणि तिसरं 'नाही'. तिसरं गाव तेवढं बदलत असे. कापूस पूर्वीसारखाच ज्याचा त्याने, मिळेल त्या व्यापाऱ्याला घातला. कलम बदला, असं मी कितीदा विनवलं. नाना म्हणत, "त्याले बी एकमत लागस ना!"

परवाच्या उन्हाळ्यात नाना गेले. शोकसभेला तिन्ही गावं लोटली. सामाईक शेडला नानांचं नाव द्यावं, असा ठराव आला. एकूण एक हात वर झाले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'एकमताने मंजूर'. करारनाम्याला लाभलेलं ते पहिलं एकमत.

मग न राहवून मी विचारलं, "शेड कोणत्या गावात?"

लोक चपला शोधू लागले.