माझी झेंडी न बघताच गेलेली मालगाडी

मंडळी, मी मालगाडीचा गार्ड. आज दुपारी परतूर स्टेशनात जे पाह्यलं, ते अजून गळ्याखाली उतरून न्हाई राह्यलं.

बिनगार्डची मालगाडी चालवायचा हुकूम आल्ता. शेवटच्या डब्यात गार्डच नसला आन् डबे तुटून रुळावर राहिले, तर मागून येणारी पॅसेंजर कोण थांबवणार? म्हणून अशी गाडी कोणीच न्यायची न्हाई, असं आम्ही गार्ड-ड्रायव्हरांनी मिळून ठरवलं होतं.

“सस्पेंड झालो तरी नेणार न्हाई!” सगळ्यात आधी माझा ड्रायव्हर दोस्तच ओरडला होता.

आज तोच बिनगार्डची गाडी घेऊन निघाला. मी सवयीनं हिरवी झेंडी धरून प्लॅटफॉर्मवर उभा. बारा वर्षं ती दिसल्याबिगर त्यानं गाडी हलवली न्हाई. आज मागं वळूनबी बघितलं न्हाई.

उद्या त्या पॅसेंजरमध्ये तुम्ही असाल. सांगा, त्याला दोस्त म्हणू का?