अग्रलेखाचं ते पान

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन हडपसरला गेले होते. आमच्या पेठेतून पूर्वी सनातनी वळणाचं एक सायंदैनिक निघायचं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याचे शेवटचे संपादक आता हडपसरला मुलाकडे राहतात. जुने अंक ते ग्रंथालयाला देणार आहेत. मी त्या दैनिकाचा इतिहास लिहितेय, म्हणून त्यांनी आधी मला चाळायला बोलावलं.

आई आली ती वेगळ्याच कारणासाठी. तिने आंतरजातीय लग्न केलं, तेव्हा याच पेपरने तिच्या नावानिशी अग्रलेख छापला होता. अशा बाईच्या हाती आपल्या मुली देऊ नयेत, असं त्यात होतं. आई तेव्हा शाळेत मराठी शिकवायची. महिनाभरात तिची नोकरी गेली.

संपादकांनी ते पान स्वतःच उघडून समोर ठेवलं.

"बाई, हे मीच लिहिलं होतं. म्हणत असाल तर फाडून टाकतो. दुसरी प्रत कुठेही नाही."

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत."

ते हसले नाहीत. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले.

"मग तसं लिहून द्या. पण हे पान राहू दे. असं काही झालंच नव्हतं, असं उद्या कोणी म्हणायला नको."

त्यांनी चार ओळी लिहून खाली सही केली. आईने तो कागद अग्रलेखाशेजारी टाचला.

खरं सांगते, आईच्या जागी मी असते तर पान फाडलं असतं. तुम्ही काय केलं असतं?