एका जातीच्या दोन डब्या

बारवी धरणाजवळच्या रानात मी अळंबी खाणारे भुंगेरे गोळा करायचो. शिंगवाले एका डबीत, बिनशिंगाचे दुसरीत. माझ्या मते त्या दोन वेगळ्या जाती होत्या. सरपण नेणारी एक बाई डोक्यावरची मोळी न उतरवताच गुडघ्यांत वाकली, डब्यांत डोकावली आणि हसली.

"मास्तर, नवरा-बायकोला येगलं कशाला कोंडलंस रं?"

तिनं कुजक्या ओंडक्यावरची अळंबी अलगद उचलली. खाली शिंगवाला बिनशिंगीच्या पाठीवर बसला होता.

शोधनिबंधात मी 'माझ्या निरीक्षणानुसार' असं लिहिलं आणि कॉलेजात सत्कारही घेतला. ते निरीक्षण तिचं होतं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पण मी तिच्या हाताखाली शिकलो, हे आता छाती पुढे काढून सांगतो.